नाण्याच्या कडेला लिहिलेला पत्ता

ठाकुर्ली स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर काही वर्षांपूर्वी मी एक प्रयोग करून पाहिला होता. तिथे नऊ रुपयांच्या वस्तूला दहाची नोट दिली की रुपया परत मिळायचा नाही, गोळी मिळायची. ‘सुट्टे नाहीत’ हे ठरलेलं कारण. मी अशा पाच गोळ्या न खाता जमवल्या आणि एका संध्याकाळी पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यासाठी त्या पाचही गोळ्या टपरीवर मांडल्या. काका आधी हसले. मग माझा चेहरा पाहून त्यांना कळलं की हा गंमत करत नाहीये. म्हणाले, “असं नाही चालत रे बाबा.”

मुद्दा त्यांचा की माझा बरोबर, हा वाद बाजूला ठेवू. पण त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ती गोळी म्हणजे काकांनी काढलेलं एक रुपयाचं चलनच होतं. फक्त ते एकाच दिशेने चालत होतं. देताना तिची किंमत एक रुपया होती आणि परत घेताना शून्य. मधला तोटा गिऱ्हाइकाचा.

आता स्कॅन करून नऊ म्हणजे नऊच रुपये देता येतात, त्यामुळे गोळ्यांचा जमाना बराचसा संपला. पण सुट्टे पैसे नसतील तर ते कुणी बनवायचे, आणि बनवणाऱ्याने ते परत घेतले नाहीत तर नुकसान कुणाचं, हा प्रश्न फार जुना आहे. मी तांब्याची जुनी नाणी जमवतो. त्यातलं एक नाणं याच प्रश्नाचं उत्तर आपल्या कडेवर कोरून घेऊन आलं आहे. ते वेल्समधलं आहे, १७८७ सालचं. आणि त्याचं आपल्या मुंबईच्या पैशाशी जवळचं नातं आहे.

राजाला लाज वाटणारं नाणं

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं इंग्लंड डोळ्यांसमोर आणा. खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, सूतगिरण्या उभ्या राहत होत्या. हजारो माणसं शेत सोडून आठवड्याच्या मजुरीवर कामाला लागली होती. मजुरी शिलिंगांत आणि पेन्यांत. एका पौंडात २४० पेन्या. पाव, बिअर, मेणबत्ती असं रोजचं सगळं पेनी आणि अर्ध्या पेनीत विकत मिळायचं. म्हणजे गरिबाचा सगळा संसार तांब्याच्या नाण्यांवर चालायचा.

आणि लंडनच्या सरकारी टांकसाळीला तांब्यात रस नव्हता. सोनं आणि चांदी हे खरं चलन, तांबं म्हणजे किरकोळ काम, अशी तिथली समजूत. तिसऱ्या जॉर्जच्या काळात १७७० ते १७७५ या काळात थोडी तांब्याची नाणी पाडली गेली आणि मग काम थांबलं. मागणी मात्र वाढतच होती. ती पोकळी खोटी नाणी पाडणाऱ्यांनी भरून काढली. बर्मिंगहॅममध्ये धातूची बटणं बनवणारे कारागीर होते, ठसे कोरणारे होते, प्रेस होते. हलक्या वजनाच्या, पुसट छापाच्या अर्ध्या पेन्यांचा तिथून पूर आला.

मजुराला पगार अशाच नाण्यांत मिळायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. तीच नाणी दुकानात नेली की दुकानदार काही घ्यायचा, काही परत करायचा, काही कमी भावाने घ्यायचा. मराठीत याला नेमका शब्द आहे: बट्टा. आज आपण ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो, पण मूळ बट्टा नाण्यालाच लागायचा. आणि तो भरायचा शेवटच्या माणसाने, ज्याच्या हातात ते नाणं असेल त्याने.

ड्रुइडची पेनी

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. तिथल्या पॅरिस डोंगरात त्या काळातली जगातली एक मोठी तांब्याची खाण होती. ती चालवणारा टॉमस विल्यम्स मुळात वकील होता, पुढे तो ब्रिटनच्या तांब्याच्या धंद्याचा अनभिषिक्त राजा झाला. त्याच्याकडे तांबं होतं, कामगार होते, आणि कामगारांना द्यायला सुट्टे नव्हते. १७८७ मध्ये पॅरिस माइन कंपनीने स्वतःची पेनी काढली.

एका बाजूला दाढीवाल्या ड्रुइडचं, म्हणजे प्राचीन केल्ट लोकांच्या पुरोहिताचं, डोकं. भोवती ओकच्या पानांची माळ. दुसऱ्या बाजूला कंपनीच्या आद्याक्षरांची गुंफण आणि भोवती मजकूर: धारकाला एक पेनी देण्याचं आम्ही वचन देतो. वजन जवळपास एक औंस, म्हणजे २८ ग्रॅमच्या घरात. आपल्या आजच्या एक रुपयाच्या सात-आठ नाण्यांएवढं एकच नाणं. हातात घेतलं की ‘नाणं’ म्हणण्याऐवजी ‘वजन’ म्हणावंसं वाटतं.

पण खरी गोष्ट कडेवर आहे. नाणं बोटांत उभं धरून फिरवा. तिथे कोरलंय की मागितल्यास लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी इथे पैसे मिळतील.

वचन आणि पत्ता. तांब्याच्या तुकड्यावर याहून जास्त काय लिहिणार? तुमच्या खिशात दहाची नोट असेल तर काढून बघा. तिच्यावरही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीने धारकाला दहा रुपये अदा करण्याचं वचन छापलेलं असतं. (एक रुपयाच्या नोटेवर मात्र ते नसतं. ती सरकार काढतं आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते.) ड्रुइडच्या पेनीने बँकेच्या नोटेची भाषा तांब्यावर आणली आणि ती खाणकामगाराच्या हातात दिली.

कल्पना झपाट्याने पसरली. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन या लोखंड कारखानदाराने स्वतःचा चेहरा छापून टोकन काढलं. राजाच्या जागी कारखान्याचा मालक! पुढच्या दहा वर्षांत गावोगावचे व्यापारी, किराणा दुकानदार, पुस्तकविक्रेते, कालवा कंपन्या असे सगळे आपापली अर्ध्या पेनीची टोकनं काढू लागले. कुणावर गावचं चर्च, कुणावर पूल, कुणावर जहाज. कॉव्हेंट्री गावाच्या टोकनावर घोड्यावर बसलेली लेडी गोडायव्हा. इप्सविचच्या जेम्स कॉन्डरने १७९८ मध्ये या सगळ्यांची सूची छापली. म्हणून आजही संग्राहक यांना ‘कॉन्डर टोकन’ म्हणतात.

बर्मिंगहॅमहून मुंबईला

आता या गोष्टीत मॅथ्यू बोल्टन येतो. जेम्स वॅटचा भागीदार, वाफेचं इंजिन जगाला विकणारा. खोट्या नाण्यांमुळे त्याच्या बर्मिंगहॅमचं नाव खराब झालं होतं. त्याचं म्हणणं असं की नाणं इतकं सुबक, इतकं गोल, इतकं एकसारखं बनवा की नक्कल करणं परवडूच नये. १७८८ मध्ये त्याने सोहो इथल्या कारखान्यात वाफेवर चालणाऱ्या प्रेसची टांकसाळ उभारली. नजर राजाच्या कंत्राटावर होती. पण ते कंत्राट यायला १७९७ उजाडलं. मधली नऊ वर्षं एवढी यंत्रं रिकामी ठेवून कसं चालेल? बोल्टनने दोन प्रकारची गिऱ्हाइकं धरली. एक, टोकन काढणारे व्यापारी. अँगलसीच्या ड्रुइडची पुढची काही टोकनंही सोहोतच पडली. आणि दुसरं, ईस्ट इंडिया कंपनी.

१७९१ आणि १७९४ या सालांचे मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे सोहोत पाडून जहाजाने इकडे आले. म्हणजे वेल्सच्या मजुराची अर्धी पेनी आणि मुंबईच्या हमालाचा पैसा एकाच छताखाली, वाफेच्या त्याच प्रेसवर जन्मले. माझ्या डबीत ही दोन नाणी शेजारी ठेवलेली आहेत ती म्हणूनच.

मुंबईचा हा पैसा सुंदर आहे. एका बाजूला तराजू, दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकाराची कंपनीची खूण, आत कंपनीची आद्याक्षरं, वर चाराचा आकडा. ही खूण मुळात मालाच्या गाठोड्यांवर मारायची. आपलं गाठोडं कुठलं हे बंदरावर ओळखू यावं म्हणून. राजाचा चेहरा नाही, देवाचं नाव नाही, तर पार्सलवरचं लेबल! नीट पाहिलं तर हेसुद्धा एका व्यापारी कंपनीचं टोकनच आहे.

फरक एवढाच की याची कड फिरवून पाहिली तर तिथे कुठलाही पत्ता सापडत नाही. ‘न्याय’ लिहिलाय, पण तो मागायला कुठे जायचं ते लिहिलेलं नाही. अँगलसीच्या कंपनीला गिऱ्हाईक पटवायचं होतं, म्हणून तिला वचन द्यावं लागलं. मुंबईतल्या कंपनीकडे किल्ला होता, फौज होती, आणि १७७४ पासून ठाण्याचा किल्लाही होता. तिला वचनाची गरज नव्हती.

इथे ठाकुर्लीत बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट मनात येते. आमच्या शेजारचं कल्याण हे प्राचीन बंदर. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापारी-प्रवाशाने कल्याणहून परदेशी जाणाऱ्या मालाची नोंद केली, त्यात तांबं आहे. ज्या किनाऱ्यावरून एकेकाळी तांबं बाहेर जायचं, त्याच किनाऱ्यावर बाराशे वर्षांनी विलायतेत छापलेलं तांबं येऊन उतरलं.

आपल्याकडचं उत्तर: शिवराई

मग आपल्याकडे सुट्ट्या पैशांचं काय चाललं होतं? मुंबईत इंग्रजांनी १६७२ च्या सुमारास टांकसाळ सुरू केली. तांब्याच्या आणि चक्क कथलाच्या नाण्यांसकट. पाठोपाठ १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांची तांब्याची शिवराई आली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. हीच छाप पुढे पेशवाईतही चालू राहिली. उशिराच्या शिवराईवर मजकुराच्या मध्ये दोन आडव्या रेघा असतात, तिला संग्राहक ‘दुदांडी’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकातही बराच काळ ती बाजारात फिरत होती.

पेशवाईत टांकसाळ म्हणजे एकच सरकारी कारखाना नव्हता. सोनार, सावकार सरकारात रक्कम भरून परवाना घ्यायचे आणि नाणी पाडायचे. १७४४ मध्ये नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना असा परवाना मिळाला. दहा मासे वजनाचा तांब्याचा पैसा पाडायचा, अशी त्यात अट होती. म्हणजे खाजगी माणूस नाणी पाडतोय, यात आपल्याला काही नवल नव्हतं.

पण विश्वासाची जागा वेगळी होती. ड्रुइडच्या पेनीचा भरवसा कडेवरच्या वचनावर, तर शिवराईचा तिच्या अंगच्या तांब्यावर. नागोठण्याच्या परवान्यात वजन लिहिलंय ते त्यासाठीच. शिवराई नाकारली तरी तांबं हातात राहतं. त्याची दुसरी बाजू अशी की रुपयाला किती पैसे हे रोजच्या तांब्याच्या भावावर आणि सराफाच्या मर्जीवर बदलायचं. ते ठरवणारा सराफ आणि सोसणारी भाजीवाली. हिशोबात एका रुपयाला चौसष्ट पैसे. बाजारात तेवढेच मिळतील याची हमी कुणी देत नव्हतं.

वचन मोडतं तेव्हा

इथपर्यंत वाचून वाटेल की खाजगी टोकनं म्हणजे सरकारपेक्षा बरी सोय. असं मानणारे अभ्यासक आहेत. जॉर्ज सेल्जिन या अर्थतज्ज्ञाने बर्मिंगहॅमच्या बटणवाल्यांवर ‘गुड मनी’ नावाचं आख्खं पुस्तक लिहिलंय. सरकारी टांकसाळीला जे जमलं नाही ते बाजाराने करून दाखवलं, असा त्याचा सूर आहे. त्यातलं बरंच मला पटतं. पण टोकनांचा ढीग उपसत गेलं की दुसरी बाजूही दिसते.

ड्रुइडच्या नावाने खोटी टोकनं निघाली, कडेवर तोच लंडन-लिव्हरपूल-अँगलसीचा पत्ता कोरून. कितीतरी टोकनांवर पत्ताच नाही. मालकाचं टोकन मालकाच्याच दुकानात चालतं, असंही अनेक ठिकाणी झालं. मग मजूर सांगतील त्या भावाने तिथूनच सामान घेणार. ही पद्धत मोडायला ब्रिटनमध्ये १८३१ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आपल्याकडे आसामच्या चहाच्या मळ्यांत मजुरांना मळ्याची टोकनं द्यायचे. आज संग्राहक ती चढ्या भावाने घेतात. मीही एक पाहिलं होतं, हातात घेतलं आणि परत ठेवलं.

बोल्टनला १७९७ मध्ये राजाचं कंत्राट मिळालं, बरोबर एक औंसाची जाडजूड पेनी निघाली आणि टोकनांची ती लाट ओसरली. पण तांबं महागलं, पेन्या वितळवल्या जाऊ लागल्या, टंचाई परतली आणि १८११ पासून टोकनांची आणखी एक लाट आली. शेवटी १८१७ मध्ये पार्लमेंटने तांब्याच्या खाजगी टोकनांवर बंदी घातली. बर्मिंगहॅम आणि शेफील्डच्या गरीबखान्यांच्या टोकनांना तेवढी काही वर्षांची मुदत दिली. कारण ती गरिबांच्या मदतीसाठीच वाटली गेली होती आणि एकदम रद्द केली असती तर फटका त्यांनाच बसला असता. बाकीच्यांचं काय? टोकन काढणारा उभा असेल तर ठीक. तो बुडाला असेल किंवा पत्ता खोटा असेल, तर हातात उरलं फक्त तांबं.

भारतात हाच विचार १८८९ च्या मेटल टोकन्स कायद्याने आणला. खाजगी माणसाने पैसा म्हणून वापरायला धातूचे तुकडे बनवायचे नाहीत. तो कायदा २०११ पर्यंत जिवंत होता, मग नव्या नाणे कायद्यात विलीन झाला. त्याच्याबरोबर आणखी एक कायदा रद्द झाला, १९७१ चा. छोटी नाणी साठवून ठेवण्याला आणि वितळवण्याला बंदी करणारा. म्हणजे माझ्या आई-वडिलांच्या तरुणपणीही सुट्टे पैसे गायब होत होते, आणि सरकार त्यांच्यामागे धावत होतं. त्याच २०११ मध्ये चार आणे, म्हणजे २५ पैसे, कायमचे बंद झाले. त्यानंतरच्या काळातल्याच माझ्या त्या पाच गोळ्या.

जमवायचं असेल तर

या वाटेला यायचं असेल तर चार गोष्टी सांगतो.

पहिली: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट काहीही नको. तांब्यावरचा तपकिरी थर हे त्याचं वय आहे. तो गेला की नाणं नवं होत नाही, फक्त जखमी दिसतं.

दुसरी: वजनकाटा घ्या आणि कड बघा. फोटोत दोन्ही बाजू दिसतात, कड दिसत नाही, आणि फसवणूक बहुतेक वेळा तिथेच उघडी पडते.

तिसरी: मोबाईलवर ‘१८१८ चं राम दरबारचं नाणं, किंमत लाखो’ असे व्हिडिओ येतात. एका बाजूला राम-सीता किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव. कंपनीने असं नाणं कधीही काढलेलं नाही. तसंच जुनी नाणी विकत घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फी मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेनेच २०२१ मध्ये सावध केलं होतं.

चौथी: सगळंच जुनं ‘वापरलेलं’ असेल असं समजू नका. टोकनं चलनात होती तेव्हाच ती जमवायची हौस इंग्लंडमध्ये इतकी वाढली की कारागीर मुद्दाम एका टोकनाचा पुढचा आणि दुसऱ्याचा मागचा ठसा जोडून ‘दुर्मीळ’ नग बनवू लागले. लंडनमधला टॉमस स्पेन्स हा जहाल विचारांचा माणूस नाण्यांचा व्यापार करायचा आणि जमीन सगळ्यांची आहे असं सांगणारी टोकनं स्वतः काढायचा. ती खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांमध्ये फेकायचा, असं सांगतात. त्यापायी त्याने तुरुंगही पाहिला. त्याची टोकनं मात्र आज काचेच्या पेटीत आहेत.

विकत घेण्याआधी बघायचं असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन लोकलच्या अंतरावर आहे. अभ्यास करावासा वाटला तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

ती टपरी अजून आहे. आता तिथे क्यूआर कोडचा फलक आहे आणि पैसे आले की डबी मोठ्याने आकडा सांगते. मागच्या पावसाळ्यात एकदा माझ्या खात्यातून वीस रुपये गेले आणि काकांच्या डबीला मात्र काही कळलं नाही. मी मोबाईल दाखवला, त्यांनी त्यांचा दाखवला. दोघांचंही खरं होतं. पैसे मधेच कुठेतरी होते, आणि ‘मागितल्यास इथे मिळतील’ असं लिहिलेली कड आम्हा दोघांकडेही नव्हती.

“राहू दे, उद्या बघू,” काका म्हणाले आणि पुडा माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दिवशी पैसे माझ्या खात्यात परत आले. मी जाऊन वीसची नोट दिली. त्यांनी ती गल्ल्यात टाकली, बरणी उघडली आणि एक गोळी हातावर ठेवली. या वेळी मी ती खाल्ली.